बाळासाहेबांची रद्दी

उंबरवाडीच्या अंगणवाडीत पेन्सिल मिळत नाही. खडू मिळतो, विटकरीचा तुकडा मिळतो, कोळसा मिळतो, गेरू मिळतो, माती तर हवी तेवढी. पण चार वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल द्या म्हणून कुणी लंकाबाईसमोर उभं राहिलं, की ते माणूस आल्या पावली परत जातं आणि जाताना चार शब्द ऐकून जातं. सत्तावीस वर्षं झाली तिला सेविका होऊन. बाई ऐकत नाही म्हणजे नाही.

वाडी डिंगोऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत. पस्तीस-चाळीस उंबरे, दारोदार कांद्याच्या चाळी, आणि रस्त्याच्या वळणावर अंगणवाडीची एक खोली. खोलीच्या भिंती पोरांचा हात पोचतो तिथवर रंगलेल्या, त्याच्या वर कोऱ्या. सुपरवायझर मॅडम दरवर्षी विचारतात, भिंती खराब का झाल्या? लंकाबाई दरवर्षी सांगते, "खराब नाय झाल्या, वापरल्या."

सकाळी पोरं आली की परातीत वाल ओतायचे. एकेक वाल चिमटीत धरायचा आणि बाटलीत सोडायचा. मूठ भरून घेतलेली चालत नाही. मग कणकेचा गोळा. त्याचा साप करायचा, सापाचं वेटोळं करायचं, वेटोळ्याची भाकरी करायची. मग कागद फाडायचा, पण सरळ, बोटाएवढ्या रुंदीची पट्टी निघाली पाहिजे. हिवाळ्यात वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, आणि त्यात जेवढे दाणे डब्यात पडतात तेवढेच पोटात जातात, त्याला तिची ना नसते. शेवटी पोरांना बाहेरच्या भिंतीशी उभं करायचं, हातात ब्रश आणि पाणी द्यायचं, आणि हात पुरेल एवढा मोठ्ठा गोल काढायला सांगायचं. पाणी वाळलं की गोल गेला, पुन्हा काढा.

"आधी खांदा सुटू द्या," ती पोरांच्या आयांना सांगायची. "मग कोपर, मग मनगट. बोटं समद्यात शेवटी येत्यात. तुमाला आधीच बोटं पायजेत व्हय?"

आया म्हणायच्या, "बाई, पोरांना जरा वळण लावा." त्यांना म्हणायचं असायचं की पोरं गप बसली पाहिजेत. लंकाबाई म्हणायची, "तेच तर लावतीया. लाडू वळता आला, वात वळता आली, की अक्षर वळंल. हाताला वळण आधी, अक्षराला मागनं."

हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पुढं ट्रेनिंगमध्ये तेच सांगितलं गेलं तेव्हा तिला कोण आनंद झाला होता, पण शिकली होती ती मार खाऊन. माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, भातखाचरांच्या गावात. पाचव्या वर्षी शाळेत घातलं. पाटीवरची पेन्सिल मुठीत धरायची, जोर लावायची, पेन्सिल मोडायची. एका सकाळी तीन मोडल्या. गुरुजींनी पट्टीच्या कडेनं बोटांच्या पेरांवर मारलं, थंडीच्या दिवसांत. पोरगी जी घरी पळाली ती दोन वर्षं शाळेकडं फिरकली नाही. त्या दोन वर्षांत तिनं आईबरोबर भाताची आवणी केली, चिखलात दोन-दोन रोपं चिमटीनं खोचली, नाचणी निवडली, आणि सातव्या वर्षी पुन्हा शाळेत गेली तर महिन्याभरात वर्गाच्या बरोबरीनं लिहायला लागली.

"माझं डोकं तवा बी तेवढंच व्हतं," ती सांगायची, आणि इतक्या वर्षांनंतरही सांगताना तिचा आवाज चढायचा. "हात तयार नव्हता. मार हातानं खाल्ला, आन् मठ्ठ म्हणून नाव झालं ते डोक्याचं."

एवढं सगळं ठीक चाललं होतं. मग ओतूरच्या एका इंग्लिश शाळेची पिवळी गाडी वाडीत यायला लागली. तीन पोरं टाय लावून गाडीत बसून जायला लागली आणि संध्याकाळी गृहपाठाची वही घेऊन यायला लागली. वहीत ए पासून झेडपर्यंत. झालं! ज्यांची पोरं गाडीत नव्हती त्यांच्या जिवाला घोर लागला. रुपालीची ओवी चार वर्षांची. रुपाली रोज दारात उभी राहून विचारायची, "बाई, आमची ओवी कधी लिहायची?" लंकाबाई म्हणायची, "लिहील." रुपालीचं समाधान होत नव्हतं, आणि तिचं तरी काय चुकलं? शेजारचं पोरगं एबीसीडी गिरवतंय आणि आपलं वाल मोजतंय, कुणाही आईचं काळीज हलणारच.

हे बाळासाहेबांनी हेरलं. बाळासाहेब म्हणजे वाडीतलं मोठं कांद्याचं खातं, मंचरच्या मार्केटात ओळख, आणि दोन वर्षांपासून सरपंचकीवर डोळा. सव्वीस जानेवारीला झेंडा लावून झाला आणि बाळासाहेबांनी जीपमधून खोकं उतरवलं. चाळीस वह्या, दुरेघी, चकचकीत. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर बाळासाहेबांचा रंगीत फोटो, मोबाइल कानाला लावलेला, मिशीला पीळ भरलेला. खाली छापलेलं, 'चिमुकल्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी सप्रेम भेट'.

"वहिनी," बाळासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, कारण लंकाबाईचा नवरा रामदास त्यांच्या बरोबरीचा, "आता उद्यापास्नं लिखाण चालू करा. लोकांची लई दिवसांची मागणी हाये."

"दुसरीत गेली की देते," लंकाबाई म्हणाली. खोकं उचललं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. लोक हसले. बाळासाहेबही हसले, पण त्यांना ते लागलं.

इथवर लंकाबाई बरोबर होती. पुढं तिची जीभ तिला नडली. त्या खोक्याला ती रद्दी म्हणायला लागली. डाळीचा डबा काढायचा झाला तर "ती रद्दी सरकव गं." कपाट झाडायचं झालं तर "बाळासाहेबांच्या रद्दीवर बी फडकं मार, धुरळ्यानं मिशी पांढरी व्हईल." स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची. ऐकायला असायची एकटी कल्याणी.

कल्याणी म्हणजे मदतनीस. डिसेंबरात लागलेली, रत्नदीपची बायको, वरच्या बौद्ध वस्तीतली. नवरा टेम्पोवर. मदतनिसाच्या जागेसाठी तिनं तीनदा अर्ज केला होता, तिसऱ्यांदा निवड झाली. ती आली त्या आठवड्यात दोन घरांतली पोरं एकाएकी घरून डबा आणायला लागली. कारण कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. आजवर त्या खोलीतली चूल वस्तीतल्या बाईच्या हातात कधी गेली नव्हती. लंकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून कल्याणीनं खिचडी उतरवली की पहिली ताटली घेऊन लंकाबाई दारात बसायची, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आणि सावकाश जेवायची. वर म्हणायची, "मीठ कसं झक्क पडलंय!" पंधरा दिवसांत डबे बंद झाले. लंकाबाईनं सांगितलेला शब्द कल्याणीनं त्या दिवसापासून कधी खाली पडू दिला नाही.

मार्चात लंकाबाईला जुन्नरला तीन दिवसांचं मुक्कामी ट्रेनिंग लागलं. पहिल्याच दिवशी सकाळी वाटेत कल्याणीचा फोन आला, "बाई, आज पोरांना काय घेऊ?"

एसटीत ही गर्दी, कंडक्टर तिकीट-तिकीट म्हणून ओरडतोय. "फाडायचं घे," लंकाबाई ओरडली. "कपाटातली रद्दी काढ आन् दे. पट्ट्या पाडू दे, मग चिकटवू दे." आणि फोन ठेवला.

कपाटात खालच्या फळीवर पेपरांचा गठ्ठा असायचा. तो आदल्याच दिवशी संपला होता. वरच्या फळीवर होती ती बाळासाहेबांची रद्दी.

चाळीस वह्या! सतरा पोरांना एवढा कागद आयुष्यात मिळाला नव्हता. दोन दिवस त्यांनी मन लावून फाडलं. तिसऱ्या दिवशी बाळासाहेब मंचरहून आलेल्या पाव्हण्यांना घेऊन अंगणवाडी दाखवायला आले. म्हणाले, "या, आपल्या वह्यांवर पोरं कशी लिहीत्यात बघा." आत भिंतीवर पुठ्ठ्याला चिकटवलेला हा भला मोठा कोंबडा. अंग दुरेघी पट्ट्यांचं, तुरा लाल पुठ्ठ्याचा, आणि शेपटीला बाळासाहेबांच्या मिशा, एकाखाली एक, सात-आठ जोड्या. शेजारी एसटी. एसटीच्या खिडकीतून बाळासाहेबांचा मोबाइल लावलेला कान. पाव्हण्यांना हसू आवरेना. बाळासाहेबांनी ते हसू ऐकलं आणि त्याच पावली डिंगोऱ्याला जाऊन अर्ज टाईप करून आणला.

लंकाबाई संध्याकाळच्या एसटीनं उतरली तर रामदास स्टँडवरच उभा. त्यानं तिथंच सगळं सांगितलं आणि म्हणाला, "माफी मागून टाक त्येची. तुझं काय झिजतंय?" लंकाबाई तडक अंगणवाडीत गेली. कल्याणी जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे तुकडे जुळवत होती.

"अगं ए, डोळं फुटलं व्हतं का..." लंकाबाईनं तोंड उघडलं.

"तुमीच म्हणल्या व्हत्या ना बाई, रद्दी," कल्याणी म्हणाली. गाऱ्हाणं नाही, राग नाही, जे होतं ते सांगितलं.

दीड महिना उठता-बसता आपण काय बोलत होतो ते लंकाबाईला आठवलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती कल्याणीशेजारी खाली बसली.

शुक्रवारी चार वाजता अंगणवाडीतच बैठक ठरली. सुपरवायझर मॅडम ऑफिसातून आल्या. मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्याकडं गावं ढीगभर आणि वेळ थोडा. त्यांनी लंकाबाईला मागं ओट्यावर बाजूला घेतलं. "हे बघा, अर्जात मदतनिसाला कमी करा असं लिहिलंय. तुमच्याविरुद्ध काही नाही. तुम्ही फक्त लिहून द्या की तुम्ही ट्रेनिंगला होता आणि मदतनिसानं न विचारता वह्या फाडल्या. एक सही करा. तुमचं नाव स्वच्छ राहील, विषय संपेल."

"आन् कल्याणीचं?"

मॅडम म्हणाल्या, "ती नवीन आहे हो. तिला कमी केलं तर कुणी भांडायला येणार नाही."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच लंकाबाईला ते सोसलं नाही. कल्याणीच्या जागेवर बाळासाहेबांची भाची बसायची होती, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कल्याणी गेली की जाणार फक्त ती नव्हती. पुन्हा कुणी म्हणणार, बघा, सांगत नव्हतो, ती माणसं कामाची नाहीत. दारात बसून खाल्लेल्या सगळ्या ताटल्या पाण्यात जाणार. आणि हे सगळं कशापायी? लंकाबाईच्या एका शब्दापायी.

खोली माणसांनी भरली. बाया एका भिंतीला, बापे एका भिंतीला, मधे सतरंजीवर पोरं. कल्याणी दारापाशी उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. बाळासाहेबांनी घसा खाकरला.

"आमी पोरांच्या भल्यासाठी वह्या दिल्या. इथं काय झालं ते समद्यांनी पायलं. लंकावहिनींबद्दल आमचं काय म्हणणं नाय. पर ज्या बाईला वही कशाला म्हणत्यात ते कळत नाय, ती बाई पोरांच्यात नको."

"तिला समद्यात जास्त कळतं," लंकाबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली. "वह्या फाडायला मी सांगितल्या."

"तुमी नव्हता, वहिनी. तुमी जुन्नरात व्हता."

"फोनवर सांगितल्या. कपाटातली रद्दी फाड म्हणले. तुमच्या वह्यांना मी दीड महिना रद्दी म्हणत आलीये बाळासाहेब, रोज. ती नवीन बाई, तिला वाटलं त्यास्नी रद्दीच म्हणत्यात. तिनं माझा शब्द ऐकला. ह्यात तिची चूक कुठली?"

बाळासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हंजे? माझ्या वह्या रद्दी?"

"चार वर्साच्या हातात दिल्या तर रद्दीच. तुमी कांद्याचं रोप कवा उपटता लावायला? गाठ धरायच्या आधी उपटता का? नाय ना? मग पोरांची एवढी घाई कशापायी?"

मागून रुपालीचा आवाज आला. तिला भांडायचं नव्हतं, तिच्या पोटात खरीच भीती होती. "पर बाई, उद्या पयलीत गेल्यावर माझी ओवी मागं पडली तर? तिथं कोण थांबणार हाये तिच्यासाठी?"

लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "ओवीच्या फ्रॉकची बटणं कोण लावतं गं?"

"तीच लावती. पंधरा दिस झालं," रुपाली म्हणाली.

"आन् आधी?"

"आधी मी." रुपालीनं पोरीकडं पाहिलं. ओवी सतरंजीवर पट्टीला पट्टी जोडत बसली होती, जीभ बाहेर काढून.

लंकाबाईनं भिंतीवरचा कोंबडा खाली काढला आणि मॅडमपुढं धरला. "ह्या पट्ट्या बघा. जानेवारीत ह्यातल्या निम्म्या पोरांना कागूद फाडता येत नव्हता, नुसता बोळा करायची. आता रेघंवरनं फाटतोय. दुरेघी वहीचा उपयोग केलाय पोरांनी, लिहून नाय, फाडून. पोरगं रेघंवर फाडाया लागलं म्हंजे रेघंवर लिहाया त्याला लई दिवस नाय. तवा मी सोता पेन्सिल दीन. आधी देणार नाय. मला काढा, दुसरी मॅडम आना, मोठ्ठा साहेब आना, तरी देणार नाय."

"लंकाबाई," मॅडम म्हणाल्या, "हे जे तुम्ही आत्ता बोललात ते लेखी द्यावं लागेल."

"द्या कागूद."

कागद शोधला तर अंगणवाडीत एक धड कोरा कागद नव्हता. पोरांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग अर्धी खोली हसली. शेवटी मॅडमनी आपल्या वहीचं पान दिलं. लंकाबाईनं उभ्यानंच लिहिलं, की भेट आलेल्या वह्यांना मी रद्दी म्हणत असे, त्या फाडण्यास मीच सांगितले, मदतनिसाने सांगितलेले काम केले. खाली सही केली.

मॅडमनी दोनदा वाचलं. "मग मदतनिसाचा प्रश्न राहत नाही. अर्ज तिच्यावर आहे, तो मी निकाली काढते. पण तुमच्यावर कारवाई होऊ शकते, लंकाबाई. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा."

"व्हऊ द्या."

"आणि निदान माफी तरी मागा. सगळ्यांसमोर झालंय, सगळ्यांसमोर मागा. तेवढ्यानं बरंच निभावेल."

"मागते," लंकाबाई म्हणाली. "मागायचीच हाये."

रामदासनं सुटकेचा निःश्वास सोडला. बाळासाहेबांनी सदरा खाली ओढला, मिशीवरून बोट फिरवलं आणि ते मोठ्या मनानं माफ करायला तयार होऊन उभे राहिले. लंकाबाई माणसांमधून वाट काढत निघाली. बाळासाहेबांच्या समोरून ती पुढं गेली, सतरंजीवरच्या पोरांना वळसा घालून दारापाशी गेली, आणि कल्याणीसमोर तिनं दोन्ही हात जोडले.

"माझं चुकलं, कल्याणी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जीभ माझी वाकडी, आन् निस्तरायला लागलं तुला. तुझ्या नावावर अर्ज पडला आन् मी पाच दिस गप बसले. मला माफ कर."

वाडीतली जुनी बाई, वयानं आईएवढी, सगळ्यांची पोरं जिच्या हाताखालून गेली ती बाई वरच्या वस्तीतल्या पोरीपुढं हात जोडून उभी होती. बाळासाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आन् माझी माफी?"

"तुमच्या वह्या फाटल्या, त्या मी नवीन आणून दीन," लंकाबाई मागं न वळता म्हणाली. "हितं माणूस फाटणार व्हतं."

कल्याणीनं तिचे जोडलेले हात खाली केले. तिचे डोळे भरले होते, पण ती लंकाबाईकडं पाहत नव्हती, मॅडमकडं पाहत होती. "मला बी इचित्र वाटलं व्हतं मॅडम, कोऱ्या वह्या बघून," ती म्हणाली. "म्हणून मी परत फोन लावला व्हता बाईंना. दोनदा. बंद लागला."

पाच दिवस झाले होते. अर्ज झाला, टाईप झाला, गावभर चर्चा झाली. तू आधी विचारलंस का, हे तिला आजवर एकानंही विचारलं नव्हतं, लंकाबाईनंसुद्धा नाही.

मॅडमनी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. "किती वाजता?" त्यांनी कल्याणीला विचारलं, आणि ती सांगायची वाट पाहत थांबल्या.